सॉल्टवॉटर लिहिलेलं मासेमारीचं रीळ बडोद्यात येऊन गंजलं, आता काय बघून घ्यावं?

दांडियाबाजारकर (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याचा, आजोळ हर्णैच्या बाजूचं. लहानपणी मे महिन्यात मामाबरोबर खडपावर गरवायला बसायचो तेव्हा सामान म्हणजे तंगूस (नायलॉनची दोरी), शिसं आणि गळ, बस. गेल्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या कमाईतून काठी आणि स्पिनिंग रीळ घेतलं, ४००० साइझचं, साडेचार हजार पडले, खोक्यावर मोठ्या अक्षरात सॉल्टवॉटर छापलेलं होतं म्हणून बाकी काही बघितलंच नाही. दिवाळीत चार दिवस वापरलं, एक मस्त तांबोशी लागली, मामाने स्वतः हँडल फिरवून बघितलं आणि "बरं आहे रे तुझं यंत्र" म्हणाला, मला केवढा आनंद झाला होता.

मग निघायची घाई, गाडी पहाटेची, रीळ तसंच कापडी पिशवीत आणि घरी आल्यावर पिशवी माळ्यावर. उत्तरायणला फिरक्या काढायला माळ्यावर चढलो तेव्हा ती पिशवी हाताला लागली. हँडल अर्धा फेरा फिरतं आणि अडकतं. बेलवरचं (लाइन धरणाऱ्या तारेच्या कडीवरचं) ते छोटं चाक, लाइन रोलर, नखाने ढकललं तरी जागचं हलत नाही. बाजूच्या झाकणाच्या तिन्ही स्क्रूंभोवती पांढरी भुकटी, बारीक रव्यासारखी, आणि तिथला काळा रंग फुगून पापुद्रा सुटलाय. गळांची डबी उघडली तर वीस-बावीस गळ एकमेकांना चिकटून तपकिरी गोळा झालेला.

फेब्रुवारीच्या शेवटी परत जायचंय. नवीन घ्यायचं तर ६-७ हजारांपर्यंत जमेल. मेटल बॉडी घेऊ का ग्रॅफाइट, म्हणजे ते कार्बन मिसळलेलं प्लास्टिक? गळ स्टेनलेसचेच घ्यावेत का? आणि मुळात "स्टेनलेस बेअरिंग" लिहिलेलं असून गंजलं कसं हे कुणी नीट सांगेल का, कारण दुकानदार म्हणतो समुद्रात असंच होणार, आणि मला ते पटत नाहीये.

---

मकरपुरा_फॅब (रविवार, रात्री १०:२५)

मी गरवत नाही, पण तीस वर्षं मकरपुरा जीआयडीसीत केमिकल प्लँटच्या टाक्या आणि पायपिंग करण्यात गेली, त्यामुळे क्लोराइड काय करतं ते डोळ्यांनी बघितलंय. बाळा, तुझी पांढरी भुकटी आणि तपकिरी गंज ही दोन वेगळी दुखणी आहेत, आधी ते समजून घे.

स्टेनलेस म्हणजे न गंजणारं लोखंड नव्हे. त्यात क्रोमियम असतं, हवेतल्या ऑक्सिजनने त्याचा एक अतिशय पातळ थर वर तयार होतो, ओरखडा पडला तरी तो आपोआप भरून येतो, आणि तोच थर आतल्या लोखंडाला वाचवतो. मिठातला क्लोराइड नेमका तो थर टाचणी टोचल्यासारखा एकेका जागी फोडतो आणि तिथून खाली खड्डा खणत जातो. आपण ३०४ म्हणतो त्यात क्रोमियम १८ टक्के, निकेल ८ टक्के. ३१६ मध्ये त्याच्या जोडीला २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि त्याच्यामुळेच ते मिठापुढे जास्त टिकतं. आमच्याकडे क्लोराइडवाला माल असला की पार्टी ड्रॉइंगवरच ३१६ लिहून देते. तुझ्या रिळाच्या बेअरिंगला मात्र कडकपणा लागतो, म्हणून ती बहुतेक वेळा ४४०सी सारख्या कडक जातीची असतात, त्यांच्यात कार्बन जास्त, आणि मिठापुढे ती ३०४ पेक्षाही कच्ची. खोक्यावर स्टेनलेस लिहिलेलं खोटं नाही, पण ते अर्धंच सांगितलेलं आहे.

आता पांढरी भुकटी. तुझी बॉडी ॲल्युमिनियमची, स्क्रू स्टेनलेसचा, मध्ये खारं पाणी. दोन वेगळे धातू आणि मिठाचं पाणी म्हणजे सरळ सरळ बॅटरी झाली, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. स्क्रूभोवतीची भुकटी म्हणजे तुझी बॉडीच आहे, रंग तिच्यामुळे खालून उचलला गेला. बोटीच्या इंजिनाला मुद्दाम जस्ताचा तुकडा लावतात तो याच्यासाठी, की झिजायचं तर त्याने झिजावं. ही युक्ती जुनी आहे, १८२४ साली हम्फ्री डेव्हीने इंग्लंडच्या आरमारी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी सुचवली होती. तांबं वाचलं, पण तांबं विरघळेना म्हणून तळाला शिंपले-शेवाळ वाढायला लागलं!

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुझं रीळ समुद्रावर गंजलं नाही, माळ्यावर गंजलं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि ते सगळं खायचं मीठ नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. खायचं मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या आसपास दमटपणा गेला की पाणी ओढतं, पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं ते हेच. मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांच्या पुढेच ओढायला लागतं. म्हणजे बडोद्याच्या थंडीतसुद्धा, तुला हाताला कोरडं वाटत होतं तेव्हा, स्क्रूच्या खाली ओलच होती. अडीच महिने ती बॅटरी चालू होती.

---

मत्स्यगंधा_अलकापुरी (रविवार, रात्री ११:१०)

काका, किती छान समजावलंत, एवढी वर्षं समुद्रावर जातोय पण ते ३३ टक्क्यांचं मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं गेली सात-आठ वर्षं द्वारका-ओखा बाजूला आणि सुट्टीत मालवणला जातो, त्यामुळे सामानाचं मी सांगते.

दांडियाबाजारकर, ग्रॅफाइट बॉडी गंजत नाही हे खरं, पण मासा मोठा लागला की बॉडी किंचित पिळते आणि आतले गिअर एकमेकांवर नीट बसत नाहीत. आणि बॉडी गंजली नाही तरी आतला शाफ्ट, बेअरिंग, स्क्रू हे धातूचेच असतात. खडपावरून तांबोशी, गोबरा ओढायचे असतील तर मेटल घ्या, खाडीत लहान मासे असतील तर ग्रॅफाइट चालेल. आमच्याकडे दोन्ही आहेत.

दुकानात गेल्यावर बेअरिंग किती ते मोजत बसू नका. १०+१ लिहिलेलं साधं रीळ घेण्यापेक्षा ५ बेअरिंगवालं, पण ती गंजरोधक असलेलं घ्या. शिमानो त्याला ए-आरबी म्हणतं, डायवा सीआरबीबी म्हणतं. जितकी बेअरिंग जास्त तितक्या मीठ बसायच्या जागा जास्त, असं माझं मत आहे. सिरॅमिक बेअरिंग म्हणून कुणी भारी काही विकत असेल तर विचारा की फक्त गोळ्या सिरॅमिकच्या आहेत का, कारण बाहेरची कडी बहुतेकदा स्टीलचीच असते आणि ती गंजते.

लाइन रोलर बोटाने फिरवून बघा आणि तो उघडून साफ करता येतो का ते विचारा. सगळ्यात आधी तोच जातो, कारण लाइन समुद्रातून भिजून येते ती थेट त्याच्यावरच. रोलर जाम झाला की ब्रेड (विणलेली लाइन) त्याच्यावर घासून खाच पाडते आणि मग नवी लाइनही तुटायला लागते. तुमच्या रोलरवर खाच आहे का बघा, नखाला लागेल.

सीलबंद रिळांवर आयपीएक्स५, आयपीएक्स६ असं लिहितात, पेन कंपनीच्या स्पिनफिशर सहाव्या पिढीला आयपीएक्स५ आहे. ते चांगलंच, पण बजेटच्या बाहेर जाईल, आणि त्याचा अर्थ पाण्याचा फवारा आत जात नाही एवढाच, रीळ समुद्रात बुडवून काढलं तर चालेल असा नाही.

---

वाघोडियारोड (सोमवार, सकाळी ८:०५)

माझा साधा उपाय, खोबरेल तेल. आमचे आजोबा कुलपांना, सुरीला, सगळ्याला लावायचे. रिळाला बाहेरून-आतून लावून ठेवा, पैसे वाचतील.

---

मकरपुरा_फॅब (सोमवार, सकाळी ८:५०)

भाऊ, बाहेरून पुसायला ठीक आहे, आत नको. खोबरेल २४ डिग्रीच्या खाली थिजतं, जानेवारीतली बडोद्याची रात्र आठवा, बाटली गरम पाण्यात ठेवावी लागते. आणि काही महिन्यांनी चिकट होतं, त्यात धूळ आणि मीठ दोन्ही धरून बसतं. बेअरिंगला शिलाई मशीनचं पातळ तेल एक थेंब, गिअरला मरीन ग्रीस. कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस मिळालं तर फारच उत्तम, पाण्याने धुपत नाही आणि गंजही रोखतं, आमच्याकडे मशीनवाले वापरतात. आणि ते निळ्या-पिवळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-४० बेअरिंगवर मारून तसंच सोडू नका. नावातच आहे, पाणी हटवायचं औषध, ते असलेलं ग्रीस पातळ करून बाहेर काढतं. जाम झालेलं सोडवायला वापरा, मग पुसून परत ग्रीस भरा.

---

खडपावरचा (सोमवार, दुपारी १:३०)

मूळ गुहागर, सध्या फतेगंज. गळांबद्दल माझं ऐका.

स्टेनलेसचे गळ घेतले की काम झालं असं लोकांना वाटतं. मी ते वापरलेत. गंजत नाहीत पण धार धरत नाहीत, खडकाला एकदा टोक लागलं की कानस हातात घ्यावीच लागते, आणि हाय कार्बनचा गळ जसा नुसत्या माशाच्या ओठाला लागून रुततो तसा तो रुतत नाही. दुसरं म्हणजे मासा तंगूस तोडून गेला तर गळ त्याच्या तोंडात राहतो. कथिलाचा मुलामा असलेला किंवा साधा गळ समुद्रात हळूहळू गंजून सुटायची तरी शक्यता असते, स्टेनलेसचा तिथेच. तो मासा मला मिळाला नाही म्हणून त्याने जन्मभर लोखंड चघळावं का? माझ्या मनाला ते बरं वाटत नाही.

मस्टाडचे ३४०७ आणि ३४००७ हे दोन नंबर बघा. आकार तोच, ओ'शॉनेसी, पहिला कथिलाच्या मुलाम्याचा आणि दुसरा स्टेनलेसचा. मी ३४०७ वर परत आलो. तपकिरी, ब्रॉन्झ रंगाचे गळ मात्र गोड्या पाण्याचे, आजव्याच्या तलावाला न्या, समुद्रावर एका रात्रीत रंग सोडतात. तुमच्या डबीत तेच असणार.

आणि वापरलेला गळ परत डबीत टाकायचा नाही, काहीही झालं तरी. एक ओला गळ पूर्ण डबी खातो. मी लोणच्याची रिकामी प्लास्टिकची बरणी नेतो, वापरलेलं सगळं त्यात, घरी आल्यावर धुवून, सुकवून मगच जागेवर. तोच नियम ल्यूरला (खोट्या आमिषाला), त्याच्या ट्रेबल म्हणजे तीन टोकांच्या गळाला लागलेला गंज ल्यूरच्या रंगावर असा बसतो की जात नाही.

स्विव्हल (लाइनला पीळ पडू नये म्हणून लावतात त्या फिरत्या कड्या) पितळेचे घ्या, काळ्या निकेलच्या मुलाम्याचे मिळतात, स्वस्त आणि टिकाऊ. शिशाला काही होत नाही. मामाचं तंगूस, पितळ आणि शिसं, त्यात गंजायला गळाशिवाय आहेच काय? म्हणून जुन्या लोकांचं सामान तीस तीस वर्षं चालतं.

---

नर्मदेकाठी (सोमवार, रात्री ९:१५)

इथे सगळे कोकण आणि द्वारकेचं बोलतायत, पण बडोद्याहून ज्यांना एका दिवसात जाऊन यायचं असतं ते कावी-कंबोईकडे नाहीतर मही नदीच्या मुखाकडे जातात, तिथलं वेगळं आहे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक भावनगरला १० मीटरच्या आसपास जातो, पाणी एवढ्या जोराने येतं-जातं की कायम गढूळ, चहासारखं. त्या पाण्यात मीठ तर आहेच, वर बारीक गाळ. तो गाळ रोलरमध्ये आणि स्पूलखाली (लाइन गुंडाळतात त्या चकतीखाली) जाऊन बसतो, कोरडा झाला की मेंदीसारखा घट्ट, आणि त्याच्या आत मीठ धरलेलं. वरून धार सोडली की स्वच्छ दिसतं पण आतला गाळ तसाच असतो. मी स्पूल काढून शाफ्ट जुन्या टूथब्रशने घासतो. तिकडे नेणार असाल तर महागडं रीळ नेऊच नका, साधं न्या आणि दरवेळी उघडा.

---

दांडियाबाजारकर (मंगळवार, रात्री १०:००)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज रीळ उघडलं. ताई, रोलरवर खाच आहे, नखाला लागते, बरोबर सांगितलंत. एक स्क्रू सुटला, दुसऱ्याचं डोकं गोल झालं, तो तसाच ठेवलाय.

पण एक मला कळलं नाही. मी रीळ धुतलं होतं हो! शेवटच्या दिवशी नाही, पण आधीचे तीन दिवस संध्याकाळी बीचवरच्या खोलीच्या बाथरूममध्ये नळाखाली चांगली जोराची धार सोडून धुतलं होतं. तरी असं का?

---

मत्स्यगंधा_अलकापुरी (मंगळवार, रात्री १०:२०)

त्या नळाचं पाणी तोंडात घेऊन बघितलं होतं का? किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी असतं आणि ते मचूळ असतं, साबणाला फेस येत नाही. म्हणजे तुम्ही मिठाचं रीळ कमी मिठाच्या पाण्याने धुतलंत. आम्ही बडोद्याहून पाच लिटरचा कॅन भरून नेतो, आपलं महीचं पाणी, ते फक्त सामानासाठी. प्यायला वेगळं. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या की समुद्रावर पाणी घेऊन कशाला जाताय.

आणि जोराची धार नको. जोराने मीठ आत ढकललं जातं, बेअरिंगमध्ये. आधी ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाइन सोडणारा ब्रेक) पूर्ण घट्ट करायचा म्हणजे वॉशरमध्ये पाणी जात नाही, मग झारीने झाडाला घालतो तसं हलकं पाणी, हँडल फिरवत, रोलरवर जरा जास्त. बादलीत बुडवायचं नाही. झटकून, पुसून सावलीत रात्रभर ठेवायचं आणि मग ड्रॅग सैल करून ठेवायचा, नाहीतर वॉशर चपटे होतात. काठीच्या रिंगा विसरू नका, रिंग आणि फ्रेमच्या सांध्यावर पहिला तपकिरी ठिपका येतो. रीळ जिथे बसतं तिथले आटे पण धुवा.

पहाटे गाडी असेल तर आदल्या रात्रीच हे सगळं उरकायचं, शेवटची संध्याकाळ मासेमारी एक तास आधी थांबवायची. मन होत नाही, पण थांबवायची.

---

मकरपुरा_फॅब (बुधवार, सकाळी ७:४५)

ताईंचं सगळं बराबर. माझ्याकडून दोन गोष्टी.

नवीन रीळ आणलंस की वापरायच्या आधीच बाहेरचे स्क्रू एकेक करून काढ, आट्यांना ग्रीस लाव, परत बसव, हाताने घट्ट, जोर नाही. ग्रीस मध्ये आलं की खारं पाणी आत शिरत नाही आणि बॅटरी बनत नाही. नवीन असताना पाच मिनिटांचं काम आहे, नंतर तुझ्यासारखं डोकं गोल होतं. काठी कार्बनची असेल तर रीळसीट ॲल्युमिनियमची घेऊ नकोस, कार्बनसुद्धा या बाबतीत धातूसारखाच वागतो आणि ॲल्युमिनियमला खातो. ग्रॅफाइटची सीट बघ.

दुसरं, दुकानदार लोहचुंबक लावून "बघा चिकटत नाही, अस्सल मरीन स्टेनलेस" म्हणतात त्यावर जाऊ नकोस. ३०४ पण चिकटत नाही आणि ३१६ पण चिकटत नाही, चुंबकाला मॉलिब्डेनम कळत नाही. आमच्याकडे त्यासाठी द्रावण असतं, थेंब टाकायचा, छोट्या बॅटरीचा झटका द्यायचा आणि रंग बघायचा.

अडकलेला स्क्रू घेऊन शनिवारी दुपारी ये, काढून देतो, पैसे नकोत. येताना रीळ ज्या डब्यात ठेवतोस तो पण आण. एक्स्पोर्टचे मशीन पार्ट ज्या पिवळ्या व्हीसीआय पिशवीत गुंडाळतात त्यातल्या दोन देतो, त्यातून निघणारी वाफ लोखंडावर बसून गंज अडवते. गळांच्या डबीत त्याचा तुकडा कापून घाल. पण धुतल्याशिवाय घालायचं नाही, मिठावर ती पिशवी काही करू शकत नाही.

---

खडपावरचा (बुधवार, सकाळी ९:३०)

काका, व्हीसीआय पिशवीचं मला पण हवं आहे, शनिवारी आलो तर चालेल का? येताना सगळ्यांसाठी सेव-उसळ आणतो.

दांडियाबाजारकर, एक राहिलं. ब्रेड थेट स्पूलवर गुंडाळू नका. ती पाणी धरून ठेवते आणि ॲल्युमिनियमच्या स्पूलला रात्रंदिवस ओलं पोतेरं लावल्यासारखं होतं, वर ॲनोडायझिंगच्या संरक्षक थराला ओरखडा असला की तिथून सुरुवात. खाली पंधरा-वीस मीटर साधं तंगूस घ्या, मग ब्रेड. ब्रेड घसरतही नाही.

---

दांडियाबाजारकर (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११:५०)

आत्ताच घरी पोचलो, आंघोळीच्या आधी लिहितोय.

रीळ मेटल बॉडीचं घेतलं, सहा हजार आठशे, चार गंजरोधक बेअरिंग, रोलर एका स्क्रूने उघडतो. निघण्याआधी काकांच्या शेडमध्ये बसून सगळ्या स्क्रूंना ग्रीस लावलं. गळ कथिलाचे. कॅन महीच्या पाण्याचा नेला, मामी हसली, पण खोलीतल्या नळाचं पाणी तिला चाखायला दिलं तर तिने पण तोंड वाकडं केलं. शेवटच्या संध्याकाळी पाच वाजता थांबलो, तेव्हा मासा लागत होता, फार जिवावर आलं. धुवून, रात्रभर टॉवेलवर ठेवून मग व्हीसीआय पिशवीत.

मासे बेताचे, दोन लहान गोबरे आणि एक शिंगाळा. आत्ता पिशवी उघडली, रोलरवर नुसती फुंकर मारली आणि तो फिरला.

काका, मामाच्या होडीच्या वल्ह्याच्या पट्टीचे बोल्ट दरवर्षी जातात, ते तो ३०४ चेच घेत होता बहुतेक. जुना एक नमुन्याला आणलाय. त्या मापाचे ३१६ चे आठ मिळतील का? शनिवारी येतो.